दाखल्याच्या फोटोची पीडीएफ: फुकट कुठे, पैसे कुठे

फॉर्मची मुदत उद्या रात्री बारापर्यंत. पोर्टल म्हणते, उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्ये द्या, २५६ केबीच्या आत. तुमच्या फोनमध्ये त्याच दाखल्याचा चार एमबीचा फोटो पडलेला. अशा वेळी तुम्ही एकतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावता, नाहीतर प्ले स्टोअर उघडून जे पहिले दिसेल ते ॲप उतरवून घेता. दोन्हीची गरज नाही. फोटोची पीडीएफ करायची सोय तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे, तिला एक रुपया लागत नाही आणि एका दाखल्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. खिशात हात घालावा असे प्रसंगही आहेत, तेही पुढे सांगितले आहेत. पण ते थोडे.

आधी बघा, फोटो काढायलाच हवा का?

बरीच कागदपत्रे मुळात पीडीएफ म्हणूनच मिळतात. आपण मात्र त्यांची प्रिंट काढतो, मग त्या प्रिंटचा फोटो काढतो आणि त्या फोटोची पुन्हा पीडीएफ करतो. राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रिका, वाहन परवाना, गाडीची आरसी, पॅन हे सगळे डिजिलॉकरवर फुकट मिळते. तिथे थेट सरकारी खात्याकडून आलेला कागद डिजिटल लॉकरच्या २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः फोटो काढून डिजिलॉकरमध्ये चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून गल्लत होते.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत उतरवता येतो. दुकानात त्याचेच पन्नास किंवा शंभर सांगितले, तर वरचे पैसे दुकानदाराच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नाहीत. द्यायचे तर जाणून द्या. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला तुम्ही ‘आपले सरकार’वर स्वतःच्या लॉगिनमधून मागवला असेल, तर त्याची मूळ फाईलही त्याच लॉगिनमध्ये आहे.

अशा डिजिटल सहीच्या फाईलला हात लावू नका. ती जशी उतरली तशीच चढवा. सही फाईलच्या आत असते, कागदावर दिसणाऱ्या खुणेत नसते. तिची प्रिंट काढून फोटो घेतला, किंवा ‘प्रिंट’मध्ये जाऊन नवी पीडीएफ केली, की सही गेली. उरते ते नुसते चित्र.

ई-आधारची गोष्ट थोडी वेगळी. ती फाईल पासवर्डने बंद असते आणि बरीच पोर्टल ती उघडू शकत नाहीत. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मवर्ष. फाईल संगणकावर क्रोममध्ये या पासवर्डने उघडा, प्रिंटवर जा, प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. बिनपासवर्डची प्रत तयार. डिजिटल सही यातही जाते, म्हणून मूळ फाईल जपून ठेवा. आणि जिथे पूर्ण आधार क्रमांक मागितलेला नाही, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्या. ते उतरवायलाही पैसे लागत नाहीत.

फोटो असा काढा

बरेच फॉर्म परत येतात ते फोटोमुळे. दिवसा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असे बसा. डोक्यावरचा दिवा लावला की तुमची आणि फोनची सावली नेमकी दाखल्यावर पडते. फ्लॅश बंद. कागदाखाली गडद रंगाची चादर किंवा फाईल ठेवा, म्हणजे स्कॅनरला पांढऱ्या कागदाच्या कडा नीट सापडतात. फोन कागदाला समांतर धरा. चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. कागद धरलेला अंगठा फोटोत नको. तो दिसला म्हणून अर्ज परत करणारे तपासनीस असतात.

लॅमिनेशन केलेल्या गुणपत्रिकेवर पांढरा चट्टा येतो. तिथे फोन वाकडा करू नका, कागदाची जागा बदला. खिडकीपासून थोडे लांब सरकलात की चट्टा जातो. स्वयं-साक्षांकित प्रत मागितली असेल, तर आधी झेरॉक्सवर सही करा, मग तिचा फोटो घ्या. मूळ दाखल्यावर सही करून बसू नका.

ॲपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’चा पर्याय दिसेल. त्याने फाईल खूप लहान होते, पण निळा गोल शिक्का आणि निळी सही फिकट होऊन पुसली जाते. शिक्का असलेला दाखला शक्यतो रंगीत ठेवा. नुसत्या छापील मजकुराची पाने, म्हणजे करारनामा किंवा बँकेचे उतारे, काळी-पांढरी चालतात.

पीडीएफ कुठे आणि कशी

अँड्रॉइडवर सगळ्यात सरळ वाट गूगल ड्राइव्हची. ॲप बहुतेक फोनमध्ये आधीच असते. ते उघडा, खाली उजवीकडे कॅमेऱ्याची खूण दिसेल, ती दाबा. कागदाच्या कडा ते आपणच शोधते, वाकडा कागद सरळ करते, पुढची पाने जोडत जाते आणि शेवटी एकच पीडीएफ देते. आधीच काढलेला फोटोही स्कॅनरच्या पडद्यावरून गॅलरीतून घेता येतो. फाईल ड्राइव्हमध्ये साठते. १५ जीबीपर्यंतची जागा फुकट आहे. इंटरनेट नको असेल तर फोटो उघडा, तीन ठिपके दाबा, ‘प्रिंट’ निवडा, प्रिंटरच्या यादीत ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ आहे. कागदाचा आकार ए-४ ठेवा. तो लेटर राहिला तर दाखल्याभोवती विचित्र मोकळी पट्टी येते.

आयफोनवर ‘नोट्स’ उघडा, नव्या नोटमध्ये जोडणीची खूण दाबून ‘स्कॅन डॉक्युमेंट्स’ निवडा. ‘फाइल्स’ ॲपमध्येही तीच सोय आहे. फोटो आधीच काढलेले असतील तर ते ‘फाइल्स’मध्ये साठवा, निवडा आणि ‘क्रिएट पीडीएफ’ दाबा. अनेक फोटो निवडले तर सगळे एकाच पीडीएफमध्ये येतात, तेव्हा त्यांना आधी १, २, ३ अशी नावे द्या. पानांचा क्रम बिघडत नाही.

आयफोनचा एक जुना ताप आहे. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून तो फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. पोर्टल जेपीजी मागते आणि तुमची फाईल ‘अमान्य’ म्हणून परत करते. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कंपॅटिबल’. एकदा हे केले की पुढचे सगळे फोटो जेपीजी. पीडीएफच द्यायची असेल तर ही अडचण येत नाही, कारण त्या फोटोची पीडीएफ सगळीकडे उघडते.

घरी विंडोज १० किंवा पुढचा संगणक असेल, तर फोटोवर उजवी टिचकी, ‘प्रिंट’ आणि प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’. काही उतरवायला नको.

फाईलचे नाव बदलून ‘.जेपीजी’च्या जागी ‘.पीडीएफ’ लिहिले की काम झाले, असे सांगणारे भेटतात. होत नाही. नाव बदलते, आतला माल तोच राहतो आणि समोरच्याच्या संगणकावर फाईल उघडत नाही. वाईट म्हणजे काही पोर्टल ती स्वीकारतात आणि त्रुटी महिन्याने कळवतात.

केबीची भानगड

खरी अडचण पीडीएफ करण्यात नाही, आकारात आहे, आणि पैसे उकळले जातात तेही इथेच. म्हणून हे जरा सावकाश वाचा.

प्रत्येक ठिकाणची मर्यादा वेगळी. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर कागदपत्र १५ ते २५६ केबी. ‘आपले सरकार’वर कागदपत्र ७५ ते ५०० केबी, आणि अर्जदाराचा फोटो १६० बाय २०० पिक्सेल, ५ ते २० केबी. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी, हाताने लिहिलेले घोषणापत्र ५० ते १०० केबी. सही काळ्या शाईत हवी, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. आयकर पोर्टल त्या मानाने उदार: एका जोडपत्राला ५ एमबी. हे आकडे बदलत असतात, म्हणून फॉर्मच्या पानावर जे लिहिले असेल तेच प्रमाण माना. आणि खालची मर्यादाही वाचा. फाईल फार लहान झाली म्हणूनही ती नाकारली जाते, आणि लोक तासभर ती आणखी लहान करत बसतात.

आता हिशेब. तुमच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके, तीन-चार एमबी. ए-४ कागदावरची अक्षरे पडद्यावर नीट वाचता यायला इंचाला १५० ठिपके पुरतात. म्हणजे पूर्ण पान १२४० बाय १७५४. तुमच्या फोटोत त्याच्या पाच पटींहून जास्त ठिपके आहेत. ते कोणालाच नको आहेत. एका फोटोच्या पीडीएफचा आकार जवळजवळ फोटोएवढाच असतो. पीडीएफ हे वेष्टन आहे, ती फोटोला दाबत नाही. म्हणून क्रम हा: आधी फोटो कापा, मग लहान करा, मग पीडीएफ करा. लोक उलटे करतात. चार एमबीची पीडीएफ बनवतात आणि मग ती ‘कॉम्प्रेस’ करणारे संकेतस्थळ शोधत फिरतात.

कापणे म्हणजे दाखल्याभोवतीची चादर, टेबल, पायाचा अंगठा काढून टाकणे. गॅलरीतल्या ‘क्रॉप’नेच बरेच काम होते. मग लहान करण्याची घरगुती युक्ती: तो फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, साधा फोटो म्हणून, एचडी न निवडता. व्हॉट्सॲप त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणते आणि फाईल बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीची होते. तो परत आलेला फोटो साठवा आणि त्याची पीडीएफ करा. गुणपत्रिकेतले आकडे व्यवस्थित वाचता येतात. ‘आपले सरकार’ची मर्यादा इथेच पार होते, महाडीबीटीला थोडे कमी पडले तर त्याच फोटोला पुन्हा कापा किंवा गॅलरीत करडा करून बघा. शिक्का करड्या रंगात टिकतो, काळ्या-पांढऱ्यात टिकत नाही.

मात्र हीच युक्ती नको तिथे घात करते. मुलीने पुण्याहून आईला दाखला पाठवला, आईने सांगलीत तो भावाला पाठवला, भावाने तो सेवा केंद्रात पाठवला. शेवटी पोचते ती मूळ दाखल्याची पुसट छाया. दुसऱ्याला पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग व्हॉट्सॲप फाईलला हात लावत नाही.

नेमके १६० बाय २०० किंवा अशाच विशिष्ट मापाचे चित्र हवे असेल, तर संगणकावरच्या पेंटमध्ये ‘रिसाइज’ निवडा, टक्के सोडून पिक्सेलवर टिचकी मारा, आकडे घाला. पुन्हा फुकट.

एवढे करूनही फाईल चढत नसेल तर नाव बघा. मराठी अक्षरे, मोकळी जागा, कंस, ठिपके यांवर बरीच पोर्टल अडतात. इंग्रजी अक्षरे आणि आकडे एवढेच ठेवा. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर मागितल्या असतील, तर झेरॉक्सवाल्याला ‘आयडी कार्ड कॉपी’ सांगा. दोन्ही बाजू एका कागदावर येतात आणि त्याचा फोटो काढला की झाले. इथे दुकानाला दिलेले दोन-पाच रुपये वसूल होतात.

फुकटचे ॲप, आठवड्याचा हप्ता

‘पीडीएफ मेकर’ शोधले की डझनांनी ॲप येतात. पहिल्याच पडद्यावर ‘तीन दिवस मोफत’ आणि खाली बारीक अक्षरांत त्यानंतरचा दर, बहुधा आठवड्याचा. महिन्याचा असेल असे समजून लोक होकार देतात. चौपट पैसे जातात, तेही एका दाखल्यासाठी.

ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. हे ठळक लिहून ठेवण्यासारखे आहे. प्ले स्टोअरमध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टिचकी मारा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन वर्गणी रद्द करा. आयफोनवर सेटिंग्ज, तुमचे नाव, ‘सबस्क्रिप्शन्स’. मोफत मुदत संपायच्या किमान २४ तास आधी करा, शेवटच्या संध्याकाळी नको. यूपीआयवरून मंजुरी दिली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ बघा. तिथूनही ती थांबवता येते. पैसे कापण्याआधी बँकेचा संदेश येतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

वेगळे ॲप हवेच असेल तर ॲडोबी स्कॅन चालते. स्कॅन करणे आणि मजकूर ओळखणे फुकट आहे. फाईल लहान करणे आणि जोडणे यासाठी पैसे मागते, आणि ते वर सांगितलेल्या वाटेने फुकट होते. मायक्रोसॉफ्ट लेन्स वापरत असाल तर जुने स्कॅन बाहेर काढून ठेवा. ते बंद करत असल्याचे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कॅमस्कॅनर होते. कोणी त्याची फाईल पाठवून ‘हे टाका’ म्हणाले तर टाकू नका. फुकटच्या काही ॲपमुळे पानाच्या तळाशी त्यांचे नाव छापून येते. सरकारी अर्जात ती जाहिरात बरी दिसत नाही, आणि ती काढायला पुन्हा पैसे.

संकेतस्थळांवर फाईल लहान करून मिळते, दिवसाला ठरावीक वेळा फुकट. तिथे ‘डाउनलोड’ लिहिलेली सगळ्यात मोठी हिरवी कळ बहुधा जाहिरात असते. क्रीडा प्रमाणपत्र तिथे चढवलेत तर बिघडत नाही. आधार, पॅन, पासबुक, कोरा धनादेश चढवू नका. ती फाईल दुसऱ्याच्या संगणकावर जाते, आणि पुसल्याचे फक्त त्याच्या शब्दावर मानायचे.

दुकानात जायचे तेव्हा

दुकानात जाण्यासारखी कामेही आहेत. जुना, घड्यांवर फाटलेला जन्माचा दाखला. लांबट स्टॅम्प पेपर. घराच्या खरेदीखताची चाळीस पाने. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा पिवळा उतारा, जो जात पडताळणीला लागतो आणि ज्यातली शाई फोनला दिसत नाही. यांना काचेचा सपाट स्कॅनर हवा.

दर गावागणिक वेगळा. साधारण पानाला पाच ते दहा रुपये, रंगीत किंवा मोठ्या कागदाला जास्त. खरी वाढ पुढे होते: ‘पीडीएफ करायचे वेगळे’, ‘साइज कमी करायचे वेगळे’, ‘मेलचे वेगळे’. म्हणून कागद हातात देण्याआधी एकच प्रश्न विचारा: स्कॅन करून, एक पीडीएफ करून, माझ्या मेलवर पाठवून एकूण किती? चाळीस पानांना पानाचा दर लावू देऊ नका. ज्या यंत्रात पाने आपोआप ओढली जातात, तिथे ठोक रक्कम ठरते. रंगीत, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), एकच फाईल असे सांगा, आणि पोर्टलसाठीची लहान प्रत तिथेच मागून घ्या. फॉर्म भरून देण्याचे पैसे या स्कॅनच्या पैशांत मिसळू देऊ नका. सरकारी शुल्काची पावती वेगळी घ्या. ती पोर्टलवरूनच निघते.

पैसे देण्याआधी फाईल तुमच्या फोनवर उघडा. पाने मोजा. उलटे पान, अर्धवट कापलेला शिक्का, दोनदा आलेले एकच पान तिथेच दिसते.

आणि दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवू नका. ‘या नंबरवर टाका’ असा फलक असतो आणि आपण टाकतोही. तुमचे आधार, पॅन, पासबुक त्या फोनमध्ये पडून राहते, शंभर अनोळखी लोकांच्या कागदांबरोबर. पेनड्राइव्ह न्या. पाठवावेच लागले तर काम होताच तिथेच उभे राहून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. ही मुभा साधारण दोन दिवसच असते, आणि दुकानदाराने आधीच उतरवून घेतलेली प्रत तेवढ्याने जात नाही. त्या संगणकावर तुमचे मेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडले असेल तर बाहेर पडा. ‘डाउनलोड्स’मधली तुमची फाईल त्याला पुसायला सांगा, आणि नंतर ‘रिसायकल बिन’ही रिकामे करायला लावा.